मैदान सर्वांचे की निवडक पंधरा जणांचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी बालक्रीडा विभागाच्या वतीने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून देत आहोत.)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावर धम्मावर बोलायचे सोडून ही मंडळी खेळावर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. एका ज्येष्ठ उपासकांनी तर आम्हाला आधीच विचारले, "अहो, ब्रह्मजाल सुत्तात खेळांची मोठी यादी आहे आणि भिक्खू त्यापासून दूर राहतात असे सांगितले आहे, मग विहारात हे क्रिकेट कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण तो नियम भिक्खूंचा आहे. आपली पोरं गृहस्थांची पोरं आहेत. ती खेळणारच. आपण मैदान दिले नाही तर ती नाक्यावर उभी राहतील, आणि नाक्यावर काय काय शिकायला मिळते ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. म्हणून खेळ हवा की नको, हा आजचा प्रश्न नाही. खेळ कोणासाठी, हा प्रश्न आहे. आणि तो आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. ती चूक आज सर्वांसमोर सांगायची, असे आम्ही ठरवून आलो आहोत.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत विहारामागच्या मोकळ्या जागेत रविवारी सकाळी वंदना झाली की मुलं खेळायची. टेनिस बॉल, लाकडी फळकूट, विटांचे स्टंप. मोजली तर बेचाळीस मुलं-मुली भरत. कोण चांगला, कोण वाईट, हिशेब नव्हता. मग आम्हा काही जणांच्या डोक्यात आले की आपला एक तगडा संघ पाहिजे. ठाण्याला, कल्याणला, पनवेलला, पुण्याला स्पर्धा होतात, तिथे आपल्या विहाराचे नाव गेले पाहिजे. हेतू चांगला होता. आम्ही निवड चाचणी घेतली. चौदा वर्षांखालील पंधरा मुलं निवडली. घरटी वर्गणी काढली. सीझन बॉल आणले, पॅड, ग्लोव्हज आणले, पाठीवर नाव असलेले टी-शर्ट शिवून घेतले. दर शनिवार-रविवार टेम्पो ठरवून आम्ही गावोगाव निघालो.

दोन चषक आलेसुद्धा. विहाराच्या कपाटात आहेत, सर्वांनी पाहिले आहेत. पण मागे काय झालं? मैदानावर आता सीझन बॉल चालायचा. तो लागेल म्हणून लहानांना आत यायची बंदी. मुली कडेला खेळायच्या, त्यांची जागा नेटने खाल्ली. उरलेली सत्तावीस मुलं पहिले काही रविवार भिंतीवर बसून बघत राहिली. मग दहा आली, मग चार आली, मग कोणीच नाही. त्यातला एक मुलगा मात्र नेमाने यायचा. तो पंधरा जणांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणायचा. आम्ही त्याला शाबासकी द्यायचो. आपण काय करतोय हे आम्हाला दिसत नव्हते.

एके दिवशी त्याच्या आईने आम्हाला रस्त्यात थांबवले. भांडायला नाही, साधे विचारायला. म्हणाल्या, "भाऊ, वर्गणी तर माझ्या घरची पण घेतली तुम्ही. मग माझ्या पोराच्या वाटणीचा चेंडू कुठंय?"

बंधू-भगिनींनो, त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. सत्तावीस घरांच्या पैशावर पंधरा मुलांचा प्रवास चालला होता. आणि हे करणारे आम्ही कोण? ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांमागे पावले टाकली, त्यांची लेकरे! सार्वजनिक ते सर्वांचे, हा धडा ज्यांनी साऱ्या देशाला दिला, त्यांच्याच वस्तीतल्या मैदानाला आम्ही दोरी बांधली होती.

मग आम्ही जरा चौकशी केली. जगात हे फक्त आपल्याकडेच होते का? आपल्यातली काही कुटुंबे नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडून कळले की तिकडे हा प्रकार फार वाढला आहे. त्याला ट्रॅव्हल टीम म्हणतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांची निवड होते, आईबाप भरमसाट फी भरतात, आणि शनिवार-रविवारी दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या राज्यात हॉटेलात राहून सामने खेळतात. दुसऱ्या बाजूला तिथे गल्ली-मोहल्ल्याच्या लीग असतात. फी थोडी, शिकवणारे आईबापच, आणि नाव दिले की प्रत्येक मुलाला खेळायला मिळते. पण होते काय, बरी खेळणारी आणि पैसेवाल्यांची मुले ट्रॅव्हल टीमला गेली की मोहल्ल्याची लीग ओस पडते. त्यांच्यामागे त्यांचे आईबापही जातात, म्हणजे अंपायर गेला, शिकवणारा गेला, वर्गणी देणारा गेला. उरतात ती मुले, ज्यांना दुसरीकडे जायची ऐपत नाही. आमच्या मैदानावर हेच झाले होते, फक्त लहान प्रमाणात.

गंमत अशी की त्याच अमेरिकेत मुलांच्या खेळाची सुरुवात अगदी आपल्यासारखी झाली. १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका साध्या नोकरदार माणसाने पुतण्या-भाच्यांना खेळता यावे म्हणून बेसबॉलचे तीन संघ उभे केले. गावातल्या धंदेवाल्यांनी हातभार लावला. तीच पुढे लिटल लीग म्हणून जगभर पसरली.

पण याच लिटल लीगची आणखी एक गोष्ट आपल्या मुलांनी ऐकलीच पाहिजे. १९५५ साली साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा काळ्या मुलांचा एक संघ होता. अकरा-बारा वर्षांची पोरं. त्यांनी स्पर्धेत नाव घातले. तर राज्यातल्या गोऱ्या मुलांच्या सगळ्या संघांनी आपली नावे काढून घेतली. काळ्यांशी खेळायचेच नाही! मैदानात समोर कोणी नाही म्हणून कॅनन स्ट्रीटचा संघ विजयी ठरला. पण पुढे नियम आडवा आला, की जो संघ मैदानावर सामना खेळून जिंकला नाही त्याला अंतिम स्पर्धेत प्रवेश नाही. त्या मुलांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावले. त्यांनी मैदानावर थोडा सराव केला आणि मग प्रेक्षकांत जाऊन बसली. त्यांना खेळू द्या, खेळू द्या, असे प्रेक्षकांतले लोक ओरडत होते. तरी खेळू दिले नाही. पोरांनी दुसऱ्यांचे सामने बघितले आणि घरी गेली. काठावर बसून दुसऱ्याचा खेळ बघणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडचे उदाहरण तर घरचेच आहे. पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेले, पुण्यात वाढलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपये पगारावर ते खेळपट्टीवर रोलर फिरवायचे, नेट लावायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायचे. गोलंदाजी किती केली त्याला गणती नाही, पण त्या क्लबात त्यांच्या हातात बॅट कधी दिली गेली नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्यांची गरज लागली तेव्हा मैदानात ते सर्वांबरोबर खेळायचे, पण चहाच्या सुट्टीत त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. असा हा माणूस १९११ साली भारताच्या संघातून इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. ते शेवटी त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले, हा इतिहास आम्ही विसरलेलो नाही. पण तरुण बाबासाहेबांना त्यांच्या खेळाचे मोठे कौतुक होते, हेही खरे आहे.

बाळूंच्या गोष्टीतून काय घ्यायचे? एक तर, गुण कुठल्याही घरात जन्मतो. आणि दुसरे, बॅट कोणाच्या हातात द्यायची हे ठरवणारा माणूस फार मोठी सत्ता चालवत असतो. आम्ही पंधरा जणांची यादी लिहिली तेव्हा ती सत्ता आमच्या हातात होती, आणि पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या त्या मुलाला आम्ही एकदाही विचारले नाही, की बाळा, तुला बॅटिंग करायची का?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्ही हा संघ बंद करायचे बोललो तेव्हा एका वडिलांनी बैठकीत कडाडून विरोध केला. त्यांचा मुलगा त्या पंधरांत होता आणि खरोखरच चांगला खेळतो. ते म्हणाले, "आपल्या पोरांना आधीच कोणी पुढे येऊ देत नाही. एखाद्यात चमक दिसली तर त्याला बाहेर न्यायचं का नाही? सगळ्यांना सारखं खेळवत बसाल तर सगळेच गल्लीत राहतील." सभेत शांतता पसरली. कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गरिबाच्या पोराला खेळ हा वर यायचा एक रस्ता आहे, आणि तो बंद करायचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणून आम्ही नीट माहिती काढली. तेव्हा लक्षात आले की ज्या स्पर्धांना आम्ही टेम्पो करून जात होतो, त्यांतल्या बऱ्याच स्पर्धा खासगी. प्रवेश फी भरा, खेळा, चषक घ्या. नावात राज्यस्तरीय, राष्ट्रीय असे मोठे शब्द असतात. पण नोकरीत प्रमाणपत्र चालते ते शासनाच्या नियमांत बसणाऱ्या स्पर्धेचेच, आणि त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. उलट ज्या शालेय क्रीडा स्पर्धा आहेत, १४, १७ आणि १९ वर्षांखालील, त्या तालुका किंवा महापालिका पातळीवरून जिल्हा, विभाग आणि मग राज्य अशा चढत जातात. कबड्डी आहे, खो-खो आहे, कुस्ती आहे, धावणे आहे, क्रिकेटही आहे. तिथे मुलाचे नाव शाळेने द्यावे लागते. आपल्यापैकी किती पालक शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना कधी जाऊन भेटले? आम्हीही भेटलो नव्हतो. दारातला रस्ता सोडून आम्ही पनवेलचा रस्ता धरला होता!

आणि लहानपणी सगळ्यांना खेळवले म्हणजे पुढे चांगले खेळाडू तयार होत नाहीत, हेही खरे नाही. नॉर्वे नावाचा युरोपातला एक देश आहे. लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे मुंबईपेक्षा कितीतरी कमी. तिथल्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली ते आणखी पक्के केले. लहान मुलांच्या सामन्यांचे निकाल, गुणतक्ते, क्रमवारी छापायची नाही. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा नाहीत. मुलाने कोणता खेळ खेळायचा, किती खेळायचा, यात मुलाचे मत विचारायचे. आणि हाच देश २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके घेऊन पहिला आला, २०२२ मध्ये १६ सुवर्णपदके घेऊन पुन्हा पहिला. तो श्रीमंत देश आहे, तिथे बर्फ आहे, हे सगळे मान्य. पण दहा वर्षांच्या मुलाला गाळून बाहेर काढल्याशिवाय विजेते घडत नाहीत, ही समजूत तरी त्यांनी खोटी ठरवली.

आणखी एक गोष्ट आई-वडिलांनी कान देऊन ऐकावी. आमच्या संघातला एक गोलंदाज. हात चांगला फिरायचा म्हणून प्रत्येक सामन्यात आम्ही त्यालाच चेंडू द्यायचो. शनिवारी दोन सामने, रविवारी दोन. एका हंगामाच्या शेवटी त्याला शाळेत पाटी-दप्तर उचलताना खांदा दुखू लागला. त्याने आम्हाला सांगितले नाही, कारण सांगितले तर संघातून काढतील ही भीती. डॉक्टरांनी दोन महिने चेंडू हातात धरू नको म्हणून बजावले. ही चूकही आमचीच. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना सल्ला दिला की पंधरा-सोळा वर्षांच्या आधी मुलाला एकाच खेळाला जुंपू नका, आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून मिळून तीन महिने त्या खेळातून सुट्टी द्या. लिटल लीगने तर २००७ पासून मुलाने दिवसाला किती चेंडू टाकायचे याची मर्यादा घातली आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, आणि ६६ च्या वर गेला तर पुढे चार दिवस विश्रांती.

आपल्याला तर हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितलेले आहे. सोण नावाचा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि इतका चालत राहिला की त्याच्या पायांतून रक्त येऊ लागले. निराश होऊन तो घरी परतायचा विचार करू लागला. तथागत त्याच्याकडे गेले आणि विचारले, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नही तसाच, न फार ताणलेला, न फार सैल. आमच्या त्या गोलंदाज मुलाची तार आम्ही ताणली, आणि भिंतीवरच्या सत्तावीस मुलांची तार आम्ही सैल सोडली. सूर कुठून लागणार?

तेव्हा गेल्या वर्षापासून आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. रविवारची लीग पुन्हा सुरू केली. चार संघ, नालंदा, तक्षशिला, सांची आणि अजिंठा. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून संघ नव्याने पाडायचे, म्हणजे कोणाची कायमची टोळी होत नाही. मुलगे-मुली एकत्र. चेंडू टेनिसचा. प्रत्येकाने एक षटक टाकायचे. प्रत्येकाला बॅटिंग. वीस धावा झाल्या की बाजूला व्हायचे, दुसऱ्याला जागा द्यायची. नाणेफेक संघातल्या सर्वांत लहानाने करायची. पावसाळ्यात चिखल झाला की कबड्डी. वर्गणीतला पैसा या लीगवरच खर्च होईल, आणि हिशेब विहाराच्या फलकावर लागेल.

ज्यांच्यात विशेष गुण आहे त्यांना आम्ही अडवत नाही. तेरा वर्षे पूर्ण झाली की त्यांच्या शाळेच्या क्रीडा शिक्षकांशी आम्ही बोलतो, चांगल्या मंडळात सरावाला पाठवतो. त्यासाठी वेगळी पेटी आहे, तीत ज्याची इच्छा असेल त्याने टाकावे. अट एकच. तो मुलगा महिन्यातून एक रविवार आपल्या मैदानावर येऊन लहानांना शिकवील. विरोध करणाऱ्या त्या वडिलांचा मुलगा आज जिल्हा पातळीवर शाळेकडून खेळतो, आणि त्याचे वडील आमच्या लीगचे अंपायर आहेत. निर्णय कडक देतात, स्वतःच्या पोरालाही सोडत नाहीत!

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा मोजले. अडतीस मुलं होती. बेचाळीस अजून झालेली नाहीत. चार मुलं परत आलीच नाहीत. त्यांतली दोघं मोठी झाली, दोघं आम्हाला नाक्यावर दिसतात. बोलावले तर हसतात आणि मान फिरवतात. ती दोन मुलं आमच्या पंधरा जणांच्या यादीची किंमत आहेत. कपाटातले दोन चषक बघताना आम्हाला ती दोघं दिसतात. तुम्हालाही दिसावीत, म्हणून ही चूक आज इथे सांगितली.

शेवटी पालकांना विनंती. रविवारी मुलाला पाठवा, मुलीला तर जरूर पाठवा. अभ्यासाचे नाव सांगून तिला घरात ठेवू नका, बाबासाहेबांनी तसे शिकवलेले नाही. सामना बघायला या, पण काठावरून ओरडू नका. झेल सुटला तर मूल आधीच खजील झालेले असते. तरुणांनी अंपायरिंगला, पाणी द्यायला, मैदान झाडायला यावे. आणि घरात जुनी बॅट, जुने बूट असतील तर विहारात आणून द्या.

बाटल्या भरणारा तो मुलगा आता सांची संघात आहे. खेळ साधाच आहे. परवा त्याने अकरा धावा काढल्या आणि घरी जाऊन आईला सांगितल्या. त्या माउलीने आम्हाला रस्त्यात पुन्हा थांबवले. या वेळी काही विचारले नाही. "अकरा काढल्या म्हणं," एवढेच म्हणाल्या आणि हसत पुढे गेल्या.

आमचे शब्द संपवतो. 

नमो बुद्धाय! जय भीम!